चेरोकी कॅव्हलियर्स : पत्रांतून दिसणारे एक घराणे

एडवर्ड एव्हरेट डेल आणि गॅस्टन लिटन यांनी संपादित केलेला हा पत्रसंग्रह ओक्लाहोमा विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने १९३९ साली प्रथम छापला. चेरोकी ही अमेरिकेच्या आग्नेय भागातील एक मूलनिवासी जमात; तिच्यातील रिज, वेटी आणि बूडिनो या एकाच कुळातील माणसांनी सुमारे चाळीस वर्षांत लिहिलेली आणि त्यांना आलेली पत्रे त्यात कालक्रमाने दिली आहेत. मी मागवलेली जुनी प्रत बेळगावला पोहोचायला सहा आठवडे लागले आणि तिची शेवटची पाने शिवणीतून सुटलेली निघाली. विक्रेत्याने ही गोष्ट आधी सांगायला हवी होती. शहापुरातल्या एका बाईंडरने ती नव्याने शिवून दिल्यावरच पुस्तक नीट उघडून वाचता आले.

वाचायला बसण्यापूर्वी एका कागदावर वंशावळ काढून घ्यावी. आपल्या नात्यांच्या शब्दांत मांडले, तर मेजर रिज हे या पत्रांतला मुख्य माणूस असलेल्या स्टँड वेटीचे सख्खे चुलते, जॉन रिज हा चुलत भाऊ आणि इलायस बूडिनो हा सख्खा भाऊ होतो. बूडिनोने आपल्या एका अमेरिकन हितचिंतकाचे नाव धारण केल्यामुळे या दोन सख्ख्या भावांची आडनावे वेगळी दिसतात, आणि ते लक्षात न आल्याने मी पहिल्या काही पत्रांत पुरता गोंधळलो. सिक्वोयाने १८२१ च्या सुमारास चेरोकी भाषेसाठी स्वतंत्र लिपी सिद्ध केल्यानंतर त्या लिपीत आणि इंग्रजीत निघालेल्या ‘चेरोकी फिनिक्स’ या वृत्तपत्राचा पहिला संपादक हाच बूडिनो होता. त्याचा पहिला अंक २१ फेब्रुवारी १८२८ रोजी निघाला.

या घराण्याचे नाव आजही वादात आहे ते २९ डिसेंबर १८३५ च्या न्यू एकोटा करारामुळे. जॉर्जिया राज्य जमिनी बळकावत होते आणि १८३० चा स्थलांतराचा कायदा संमत झाला होता. अशा वेळी पन्नास लाख डॉलरच्या बदल्यात मायभूमी सोडून मिसिसिपीच्या पश्चिमेला जाण्याचा करार या मंडळींनी केला. चेरोकींचे मुख्य प्रमुख जॉन रॉस आणि बहुसंख्य चेरोकी प्रजा त्याच्या विरोधात असूनही अमेरिकन सिनेटने तो जेमतेम एका मताने मंजूर केला. पुढे १८३८-३९ मध्ये सैन्याच्या बळावर झालेल्या स्थलांतरात सुमारे चार हजार माणसे दगावल्याचा अंदाज आहे. २२ जून १८३९ या एकाच दिवशी कराराच्या विरोधकांनी मेजर रिज, जॉन रिज आणि बूडिनो यांना वेगवेगळ्या ठिकाणी ठार मारले, आणि वेळीच निरोप मिळाल्यामुळे स्टँड वेटी वाचला. या संग्रहातील पुढची जवळजवळ सर्व पत्रे त्या दिवसाच्या छायेत लिहिलेली आहेत. वडिलांची हत्या बाराव्या वर्षी डोळ्यांदेखत पाहिलेला जॉन रिजचा मुलगा जॉन रोलिन रिज कॅलिफोर्नियातून आपल्या वेटीकाकाला लिहितो, तेव्हा सुडाची भाषा आणि मूलनिवासींचे स्वतःचे वृत्तपत्र काढण्यासाठी भांडवलाची मागणी या दोन्ही गोष्टी त्याच्याकडून सारख्याच तळमळीने येतात.

मला सर्वांत मोलाची वाटली ती अमेरिकेतील उत्तर आणि दक्षिण राज्यांमधल्या यादवी युद्धाच्या काळातील नवराबायकोची पत्रे. स्टँड वेटी दक्षिणेच्या बाजूने लढत होता, पुढे तो ब्रिगेडियर जनरल झाला, आणि २३ जून १८६५ रोजी, सर्व दक्षिणी सेनापतींच्या शेवटी, त्याने शस्त्रे खाली ठेवली. त्याची पत्नी सेरा या काळात मुलांना घेऊन टेक्सासमध्ये निर्वासितासारखी राहत होती. आपल्या मुलाने एका कैद्याला मारल्याची बातमी कानावर आल्यावर ती नवऱ्याला लिहिते की असे ऐकून आपल्याला वेड लागायची पाळी येते. देवाकडून दयेची अपेक्षा असेल तर आपणही दया दाखवली पाहिजे, असे मुलांना बजावून सांगा. त्याच १८६३ सालच्या नोव्हेंबरात वेटी तिला कळवतो की टॅलेक्वा या चेरोकी राजधानीतील जुने सभागृह आणि जॉन रॉसचे घर आपण जाळले. त्या धामधुमीत पूर्वी स्नेहसंबंध असलेला एक माणूस मारला गेला, त्याचे वाईट वाटले, पण इलाज नव्हता, असेही तो लिहितो. ही दोन पत्रे मी लागोपाठ, आणि पुन्हा उलट्या क्रमाने वाचली. एका घरात एकाच वर्षी लिहिलेल्या या ओळी कुठल्याही इतिहासग्रंथातील प्रकरणापेक्षा त्या युद्धाबद्दल अधिक सांगतात.

संपादकांबद्दल मात्र माझी स्पष्ट तक्रार आहे. त्यांचे परिश्रम मोठे आहेत, टिपांमुळे माणसे ओळखता येतात, परंतु शीर्षकातील ‘कॅव्हलियर्स’ (उमदे घोडेस्वार सरदार) या शब्दापासूनच त्यांचे मन या घराण्याकडे झुकलेले दिसते. हे कुटुंब गुलाम बाळगून होते, आणि त्या गुलामांचे स्वतःचे म्हणणे या पत्रांत कोठेच ऐकू येत नाही. या उणिवेची जाणीव संपादकांनी वाचकाला पुरेशी करून दिलेली नाही. आमच्या खानापूरच्या घरी मोडीतील पत्रांची एक पेटी आहे, आणि जमिनीच्या भाऊबंदकीत त्या पेटीत आपल्याच पक्षाच्या माणसांची पत्रे सापडतात, हे मी ती वाचून घेतली तेव्हा अनुभवले आहे. म्हणून ज्यांना दुसरी बाजू हवी असेल त्यांनी याच प्रकाशनसंस्थेने १९८५ साली दोन खंडांत काढलेली जॉन रॉस यांची कागदपत्रे सोबत ठेवावीत.

निपाणी भागातल्या वाचकांना तंबाखूच्या कारखान्याची पत्रे विशेष जवळची वाटतील. युद्धात सर्वस्व गमावल्यावर वेटी आणि त्याचा पुतण्या इलायस कॉर्नेलियस बूडिनो यांनी चेरोकी प्रदेशात तंबाखूचा धंदा उभारला. अमेरिकन सरकारशी झालेल्या १८६६ च्या तहाने तेथील मालाला करमाफी दिली होती, पण १८६८ च्या महसुली कायद्याचा आधार घेऊन सरकारने माल जप्त केला, आणि नंतरचा कायदा आधीच्या तहाला रद्द करू शकतो असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. वखारी, जकात आणि उत्पादनशुल्क यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला त्या पत्रांतील हिशेबाची काळजी समजावून सांगावी लागत नाही.

पुस्तकातील इंग्रजी जुन्या वळणाची आहे आणि लेखकांचे शुद्धलेखन संपादकांनी बरेचसे जसेच्या तसे ठेवले आहे, त्यामुळे वाचनाचा वेग मंदावतो. मला ते योग्यच वाटले. राजकीय निवेदनांची काही पाने भराभर उलटली तरी चालेल. शेवटाकडचे, १८७१ सालचे एक पत्र मात्र सावकाश वाचावे. तिन्ही मुलगे गेलेले आहेत, आणि म्हातारा वेटी शाळेत असलेल्या आपल्या धाकट्या मुलीला, जॅकलिनला, कळवतो की या जुन्या घरी तुम्हां मुलांवाचून मला किती एकटे वाटते याची तुला कल्पना येणार नाही. तू इथे असतीस तर फार आनंद झाला असता, पण तुला शाळेत राहिलेच पाहिजे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तो वारला.