हातातला फोन बंद, की गाडीतलं बोलणंच बंद?

सावद्याहून केळी भरून निघालेला टेम्पो. चालकाच्या मानेत फोन अडकवलेला, पलीकडून व्यापारी विचारतोय, "भाऊ, कुठवर आलास?" ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी ३ सेकंदांत ५० मीटर पुढे जाते. अंधारात कापसाची बैलगाडी पुढ्यात यायला तेवढं अंतर पुष्कळ झालं.

आजचा कायदा हातातल्या फोनवर बोट ठेवतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये त्याचा स्पष्ट उल्लेख आला. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रस्ता शोधायला मात्र फोन चालतो, लक्ष विचलित होता कामा नये एवढीच अट. ही बंदी राबवायला सोपी, कारण हातातला फोन चौकातल्या पोलिसाला दिसतो.

दुसरा पर्याय म्हणजे ब्लूटूथवर बोलणंही बंद. इथे खरी अडचण आहे. जळगाव-भुसावळकडच्या उन्हाळ्यात दुचाकीवरचा जो तो तोंडाला रुमाल गुंडाळून निघतो. त्याखाली कानात काय आहे, हे कोण तपासणार?

तरीही मला हा दुसरा पर्यायच पटतो. हात मोकळे झाले म्हणून डोकं मोकळं होत नाही. भावाची घासाघीस कानात चालू असली, की समोरचा खड्डा दिसूनही उशिरा कळतो. शेजारी बसलेला माणूस वळण आलं की आपसूक गप्प होतो. फोनवरच्याला ते वळण दिसतच नाही. नकाशा स्टँडवर राहू द्या. बोलायचंच असेल, तर ढाब्यापाशी गाडी बाजूला घ्या. व्यापारी दहा मिनिटं थांबेल.