एपॉक्सी क्लेचा राक्षस-फासा: उन्हाळा, पावसाळा आणि भरपूर खेळानंतर

दोन भाग एकत्र मळले की कडक होणारी एपॉक्सी सांगलीत दोन रूपांत सहज मिळते. हार्डवेअरच्या दुकानात नळाची गळती बुजवायची पुट्टी आणि क्राफ्टच्या दुकानात म्युरलसाठीची पांढरी क्ले. राक्षसाचे डोळे-दात कोरलेला सहा बाजूंचा फासा करायचा असेल तर दुसरीच घ्या. नळाची पुट्टी घट्ट बसते, पण दाणेदार असते आणि लवकर आवळते. पापणीची कड काढेपर्यंत ती हाताबाहेर गेलेली असते. क्ले तास-दीड तास ऐकते, पाण्याच्या बोटाने गुळगुळीत होते आणि वाळल्यावर पॉलिश पेपरने छान घासली जाते. महिनोन्‌महिने खेळूनही माझं मत तेच आहे, फक्त काही अटी आहेत.

पहिली अट हवामानाची. तापमान दहा अंशांनी वाढलं की एपॉक्सी साधारण दुप्पट वेगाने आवळते. सांगलीच्या मे महिन्यात दुपारी क्ले मळायला घेतली तर अर्धा वेळ तिथेच गेला म्हणून समजा. काम पहाटे करा आणि एका वेळी दोन बाजूंपुरतीच क्ले मळा. पावसाळ्यात अडचण वेगळी. दमट हवेत वाळलेल्या क्लेवर कधीकधी तेलकट, चिकट थर येतो. तो कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन, हलकं घासून मगच पुढचा थर द्या, नाहीतर थर पापुद्र्यासारखा सुटतो.

आत सोळा मिलिमीटरचा साधा ॲक्रिलिकचा फासा घालावा. नुसत्या क्लेचा गोळा घेतला तर चौकोन साधत नाही. फासा १२० नंबरच्या पेपरने खरखरीत करून प्रत्येक बाजूला ३ मिलिमीटर थर दिला की २२ मिलिमीटरचा फासा होतो. एकूण साडेसहा घनसेंटिमीटर क्ले लागते, पण ती सहा सारख्या वाट्यांत जात नाही. समोरासमोरच्या पहिल्या दोन बाजूंना सुमारे ०.७७ घनसेंटिमीटर, दुसऱ्या जोडीला १.०६ आणि शेवटच्या जोडीला १.४५, कारण कडांचा भाग नंतरच्या जोड्यांवर येतो. जोडीतले दोन्ही गोळे खिशात मावणाऱ्या सराफी काट्यावर तंतोतंत सारखे करा. पाकिटातले दोन भाग, बेस आणि हार्डनर, हेही डोळ्यांच्या अंदाजाने नको. पाकिटावरचं प्रमाण पाळा आणि रंगाची एकही रेघ दिसेनाशी होईपर्यंत मळा. रेघ राहिली तिथे क्ले कायमची मऊ राहते, आणि नेमकी तीच जागा टेबलावर आपटून दबते. हातात नायट्राइलचे मोजे हवेतच. न वाळलेल्या हार्डनरची ॲलर्जी एकदा जडली की जात नाही.

मळल्यावर लगेच कोरू नका. वीस-तीस मिनिटं थांबलं की क्ले थोडी ताठ होते आणि सुईच्या मागे चिकटून येत नाही. दातांच्या डॉक्टरांची टाकाऊ झालेली बारीक हत्यारं यासाठी उत्तम. पाणी बोट ओलसर राहील इतपतच. जास्त झालं तर पृष्ठभाग गिळगिळीत होतो आणि खवले धरत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. राक्षस आत कोरायचा, बाहेर काढायचा नाही. एखाद्या बाजूचं नाक अर्धा मिलिमीटर जरी वर आलं तरी फासा त्या बाजूवर टेकत नाही, म्हणजे तिच्या समोरची बाजू वर येणं कमी होतं. एकच्या बाजूला फुगीर डोळा काढला तर सहा दुर्मिळ होणार. दात आणि भुवया कडेच्या पातळीखाली अर्धा मिलिमीटर ठेवा.

आकडे डोळ्यांच्या संख्येने दाखवायचे तर खड्ड्यांचंही वजन सांभाळावं लागतं. सहा सारखे डोळे खणलेली बाजू एका डोळ्याच्या बाजूपेक्षा हलकी होते आणि हलकी बाजू वर यायला बघते. यावर उपाय सोपा आहे: समोरासमोरच्या बाजूंतून निघणारी क्ले सारखी ठेवायची. सहाच्या बाजूचे डोळे ४ मिलिमीटर व्यासाचे असतील तर एकचा एकटा डोळा ७.३ मिलिमीटरचा हवा. दोन आणि पाचच्या जोडीत ५.८ आणि ४.३, तीन आणि चारच्या जोडीत ५ आणि ४.६. खोली सगळीकडे व्यासाच्या एक तृतीयांश. एकचा तो मोठा डोळा दिसतोही भयानक, वेताळाला शोभेल असा.

पूर्ण दिवसभर वाळू द्या. मग काचेवर पेपर चिकटवून २२०, ४००, ८०० अशा क्रमाने ओलं घासा. कोरडं घासायचं तर मास्क लावा. व्हर्नियर कॅलिपरने तिन्ही मापं घ्या. ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक राहू देऊ नका.

मिठाच्या पाण्यात तरंगवून फाशाचा तोल तपासायची पद्धत इथे चालत नाही. संतृप्त मिठाच्या पाण्याची घनता १.२ च्या आसपास असते. ॲक्रिलिक त्यात जेमतेम तरंगतं, क्लेचा फासा तळाशी जातो. त्याऐवजी फासा समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर कॅलिपरच्या जबड्यांत हलका धरा. दर वेळी तीच बाजू खाली वळत असेल तर ती जड आहे. शंका राहिली तर ६०० वेळा टाकून नोंद ठेवा. प्रत्येक आकडा शंभराच्या आसपास यायला हवा. ८२ ते ११८ च्या बाहेर गेला तर फाशावर संशय घ्यायला जागा आहे.

खेळातला टिकाऊपणा सांगायचा तर खड्ड्यांतला ॲक्रिलिक रंग अजून ताजा आहे, कारण तिथे टेबल पोचतच नाही. कडांवरचा रंग मात्र झिजतो, वर दोन हात मॅट व्हार्निश असलं तरी. म्हणून कडांना रंग न देता क्लेमध्येच मळताना थोडी काळ्या रंगद्रव्याची पूड घालावी. झीज दिसत नाही. रंग द्यायचा नसेल तर हे लक्षात घ्या की पांढरी क्ले उन्हात पिवळसर पडते. फासा शहाबादी फरशीवर पडला तर कोपरा उडतो, विशेषतः कोपरे धारदार ठेवले असतील तर. अर्धा मिलिमीटर गोलाई दिली की तक्रार जवळजवळ संपते. उडालेला कोपरा भरणंही सोपं आहे: जागा खरखरीत करा, धुवा, नवा ठिपका बसवा, दुसऱ्या दिवशी घासा आणि पुन्हा कॅलिपरवर धरून बघा.

पाकीट मोठं घेऊ नका. उघडल्यावर हार्डनरवर कडक साय धरते आणि ती मळण्यात मिसळली की खडे निघतात. साय कापून टाकावी, पुड्या हवाबंद डब्यात वेगवेगळ्या ठेवाव्यात. आणि एका चमच्याने दोन्ही भाग काढू नयेत.