एका डीपीवरचा शेजार की स्वतःचा सौर पंप?

ज्यांच्या वावरातल्या विहिरीला पाणी आहे आणि ओलितासाठी शेतशेजाऱ्यांच्या डीपीवर (सामाईक रोहित्रावर) विजेची जोडणी घ्यावी की सौर पंप बसवावा एवढाच प्रश्न उरला आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. संत्रा आणि हरभरा या दोन्हींसाठी मी दोन्ही व्यवस्था वापरल्या आहेत. शेजाऱ्याच्या मीटरवरून धुऱ्याधुऱ्याने केबल ओढण्याचा तिसरा मार्गही गावोगावी दिसतो. पण मंजूर जागेपलीकडे वीज नेणे विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ नुसार अनधिकृत वापरात मोडते आणि नोटीस बहुधा केबल देणाऱ्या भल्या माणसाच्याच नावाने निघते, म्हणून तो येथे बाजूला ठेवतो.

डीपीवरच्या जोडणीचे गुण नाकारण्यासारखे नाहीत. आभाळ असो वा नसो, तिन्ही फेज नीट असले की मोटर पूर्ण ताकदीने पाणी फेकते, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे चालू बिल २०२४ पासून शासन भरते आणि मोटर जळाली तर वाइंडिंग करणारा जवळच्या बाजारगावात मिळतो. रात्रीच्या पाळीला रानडुकरांच्या शिवारात जाण्याची सवयही होऊन जाते.

मला सवय झाली नाही ती ऑटोची, म्हणजे वीज आली की मोटर आपोआप सुरू करणाऱ्या यंत्राची. जवळजवळ प्रत्येक स्टार्टरला ऑटो जोडलेला असल्यामुळे वीज येताच सगळ्या मोटरी एकदम उठतात. थेट सुरू होणारी मोटर पहिल्या क्षणी नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. त्यामुळे व्होल्टेज कोसळते, आणि ४१५ ऐवजी ३०० व्होल्ट मिळाले तर मोटरचा सुरुवातीचा जोर निम्म्यावर येतो, मग कोणतीच धड फिरत नाही, सगळ्या नुसत्या घुमत राहतात. त्यात एखादा फ्यूज गेला की उरलेल्या दोन फेजवर मोटर जळते. आमच्या डीपीच्या पेटीत फ्यूजच्या जागी पीळ दिलेली ॲल्युमिनियमची तार होती आणि तिच्या टोकांना वितळलेल्या धातूचे मणी लटकत होते. ऑटो काढा, कॅपॅसिटर लावा, असे आवाहन महावितरण वारंवार करते. पण जो ऑटो काढेल त्यालाच वावरात हेलपाटे पडतात, म्हणून पहिला कोणी होत नाही. आमच्या बैठकीत सर्वांनी माना डोलावल्या आणि पुढच्या पाळीला शिवारभर स्टार्टरांचे खटके पुन्हा एकदमच वाजले. माणसे वाईट नाहीत. दुरुस्तीची वर्गणी मागायला जाणे तेवढे नकोसे होते.

सौर पंपाला हा शेजार नाही, म्हणून त्याच्या उणिवा मला सोसवतात. डिसेंबरात हरभऱ्याला तुषार लावले की सकाळी निम्मे नोझल बंद ठेवावे लागतात, ढगाळ दिवस वाया जातो, आणि कंट्रोलर बिघडला तर कंपनीच्या माणसाची वाट पाहण्यावाचून इलाज नसतो. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत दहा टक्के हिस्सा (अनुसूचित जाती-जमातींसाठी पाच टक्के) भरल्यावर विम्यासह पाच वर्षांची दुरुस्तीची हमी मिळते, पण पंपाची क्षमता जमिनीच्या क्षेत्रावर ठरते. अमरावती जिल्ह्यात वरुड-मोर्शीकडे पाणी खोल गेले असल्याने तेथील बोअरला ती पुरेल का, हे आधी पाहावे. उन्हाळ्यात मात्र बागेची तहान आणि उन्हाचा जोर एकाच वेळी वाढतात, आणि तेव्हा हा पंप मला तरी कमी पडलेला नाही.

ज्यांच्या डीपीवर मोजकेच पंप आहेत, किंवा उच्चदाब प्रणालीतून एकदोघांत एक रोहित्र मिळाले आहे, त्यांनी वीज सोडण्याची घाई करू नये. रब्बीचे क्षेत्र मोठे असणाऱ्यांनीही विचार करावा. पण डीपी गर्दीची आणि बाग पाच एकरांच्या आतली असेल, तर अर्ज सौर पंपाचाच भरावा, असे मला वाटते. पॅनलची जागा मात्र स्वतः उभे राहून दाखवावी आणि दुपारनंतर तिच्यावर बाभळीची सावली पडत नाही ना, हे बघून घ्यावे, कारण खांब रोवून झाल्यावर तो हलवून द्यायला कोणी परत येत नाही.