क्रायो-ग्रिपच्या नावाखाली 92 हजार गेले

माझं एम.टेक.चं काम शेळीच्या पायातल्या टेंडनवर, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीसारख्या पट्ट्यावर आहे. खाटकाकडून पाये आणायचे, टेंडन सोडवायचा, सलाइनमध्ये ओला ठेवायचा आणि यूटीएमवर (नमुना ताणून त्याची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) तुटेपर्यंत ताणायचा. खरी अडचण तो धरण्यात येते. यंत्राच्या जबड्यात आवळला की पाणी बाहेर येतं, वरचे तंतू अडकतात, आतले सटकतात. जास्त आवळला तर कडेलाच चिरतो.

म्हणून टोकं गोठवून धरणारी पकड, म्हणजे क्रायो-ग्रिप हवी होती. अशी पकड 1982 सालीच रीमर्स्मा आणि शामहार्ट यांनी घोड्याच्या टेंडनसाठी मांडली होती. अशा ग्रिपमध्ये जबड्यालगतच्या खणांत ड्राय आईस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) भरायचा. उणे 78 अंशांच्या थंडीने टोकं दगडासारखी होतात, मधला भाग मऊच राहतो.

एका पुरवठादाराने ‘इम्पोर्टेड क्रायो-ग्रिप’चं कोटेशन दिलं, सोबत व्हिडिओ. त्यात टेंडन अगदी मधोमध तुटत होता. आमची ग्रँट 31 मार्चला परत जाणार, हे त्याला मीच बोलून गेले होते. “मॅडम, पूर्ण पेमेंट आधी टाका, नाहीतर माल दुसरीकडे जाईल.” टाकलं.

खोक्यातून निघाले ॲल्युमिनियमचे साधे, नर्लिंग केलेले (खरखरीत खाचांचे) जबडे. ड्राय आईससाठी खणच नाहीत! म्हणे रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून वापरा. सुमारे 10 चौरस मिलिमीटर छेदाच्या टेंडनची ताकद 50 मेगापास्कल धरली तरी त्याने 500 न्यूटन पेलायला हवेत. इथे 140 न्यूटनला आलेख घसरला, चढला, पुन्हा घसरला, करवतीच्या दातांसारखा. टेंडनवर जबड्याच्या कडेला मारलेली शाईची रेघ 6 मिलिमीटर बाहेर आली होती. ती रेघ नसती तर तोच आकडा टेंडनची ताकद म्हणून प्रबंधात गेला असता. याचा मला अजूनही संताप येतो.

“तुमचं सॅम्पलच सडलेलं आहे,” असं त्याने ऐकवलं. मग तो व्हिडिओ थांबवत थांबवत पाहिला. टोकांवर पांढरट पापुद्रा होता, म्हणजे ती सुकवून झटपट चिकटणाऱ्या गोंदाने बसवलेली. ओल्या टेंडनला असते ती चमक कुठेच नव्हती. त्यानंतर त्याने फोन उचलला नाही.

कुणी अशी ग्रिप घेत असाल तर तुमचं स्वतःचं ओलं सॅम्पल घेऊन जा, रेघ मारा, समोर ताणायला लावा. तोवर शिल्लक रक्कम सोडू नका, मार्च असला तरी.

आमच्या वर्कशॉपमधल्या काकांनी त्याच जबड्यांना मागून जोडायचे खण मिलिंगवर करून दिले. आता पांढरं दव जबड्याच्या कडेपर्यंत आलं की यंत्र सुरू करते. काल टेंडन 520 न्यूटनला मधोमध तुटला. रेघ जागेवरच होती.