क्रायोनिक्स, देहदान की अमरधाम? सही करण्याआधी नाशिककरांसाठी

मेल्यावर देह उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवायचा आणि कधीतरी विज्ञान आपल्याला उठवेल अशी आशा धरायची, हे क्रायोनिक्स. त्यासाठी सही करावी, देहदानाचा अर्ज भरावा, की काहीच न करता अमरधामवर, म्हणजे स्मशानातल्या दहनावर, सोपवावं? तिन्ही पर्यायांत मी एकच गोष्ट तपासतो: आपण गेल्यावर पहिल्या काही तासांत घरच्यांवर काय येऊन पडतं.

पैशांचं आधी उरकू. देहदान फुकट. अमरधाम कुणालाही झेपेल असं. दहाव्या-तेराव्याचा खर्च ज्याच्या त्याच्या हौसेवर. मिशिगनची क्रायोनिक्स इन्स्टिट्यूट २८,००० डॉलरपासून घेते, देह तिथवर पोचवणं वेगळं. तिकडे बरेच सभासद यासाठी आयुर्विमा काढतात.

विज्ञानाचं म्हणाल, तर १९६७ साली गोठवलेला जेम्स बेडफर्डचा देह अजून जपलेला आहे. मात्र आजवर कुणालाही उठवलेलं नाही. सशाची किडनी गोठवून, पुन्हा गरम करून बसवली आणि ती चालली, इथवर मजल. शिवाय संस्था टिकली पाहिजे. कॅलिफोर्नियात चॅट्सवर्थला ठेवलेले देह पैसे आटल्यावर वितळून गेले.

नाशकात खरं घोडं अडतं ते वेळेवर. हृदय थांबल्यावर काही मिनिटांत देह थंड करायला घ्यावा लागतो. इथे घरचे डॉक्टरांचा दाखला मिळवणार, बर्फ शोधणार, मुंबई विमानतळ गाठणार. आणि विमानाने मृतदेह न्यायचा तर एम्बामिंगचा, म्हणजे देह रसायनं भरून टिकवल्याचा, दाखला मागतात; आणि एम्बामिंग तर क्रायोनिक्सवाल्यांना नको असतं. म्हणून ॲरिझोनाची अल्कोर संस्था आजारी सभासदांना शेवटच्या दिवसांत जवळ येऊन राहा म्हणते. म्हणजे सही क्रायोनिक्सची असली, तरी कबूल करतो आहोत नातवंडांपासून दूर मरायला.

आता लोक काय म्हणतील. गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, दहाव्याला पिंड मांडून माणसं कावळ्याची वाट बघतात. तो शिवत नसेल तर मुलगा हात जोडून म्हणतो, "आईला सांभाळीन, काळजी करू नका." तरीही नाही आला तर दर्भाचा कावळा करून शिवतात. ज्याची इच्छाच "मला परत यायचंय" अशी लेखी आहे, त्याच्या पिंडासमोर मुलाने कसलं वचन द्यायचं? शास्त्रात तशी सोय आहे. देह मिळत नसेल तर पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करतात, पुढचे विधी होतात. गुरुजी वाट काढतील. बायको काढेल का, ते बघा. तिने कुंकू पुसायचं की नाही असली कुजबुज आपल्याकडे व्हायला वेळ लागत नाही. अमेरिकेतही नवऱ्याच्या क्रायोनिक्सला बायकांचा विरोध हा नेहमीचा विषय आहे.

देहदानातही अस्थी मिळत नाहीत, काकामंडळी कुरकुरतातच. पण "अमुकांनी देहदान केलं" हे आता मानाने सांगितलं जातं. क्रायोनिक्सला "केवढा जगण्याचा सोस!" असंच ऐकावं लागेल. (मला तो सोस लाजिरवाणा वाटत नाही, पण तुमच्या मावशीला वाटेल.) देहदानाची अडचण वेगळी: शवविच्छेदन झालं असेल किंवा काही संसर्गजन्य आजार असतील तर वैद्यकीय महाविद्यालय देह घेत नाही. तेव्हा अमरधाम मनात धरूनच ठेवावं.

दोन्हींत एक मेख सारखीच. तुम्ही काहीही लिहून ठेवा, देह घरच्यांच्या हातात असतो. मृत्युपत्र बऱ्याचदा तेराव्यानंतर उघडतं, तोवर उशीर झालेला असतो. फरक इतकाच की देहदानात घरच्यांनी एक फोन करायचा; क्रायोनिक्समध्ये रडणं बाजूला ठेवून ताबडतोब धावपळ करायची.

त्यामुळे माझं मत देहदानाकडे, सोबत नेत्रदान. अर्जावर साक्षीदार म्हणून सही मुलाची किंवा मुलीचीच घ्या. क्रायोनिक्सचाच ध्यास असेल तर आधी त्यांनाच विचारा, "मी गेल्यावर पहिला फोन कुणाला लावशील?" उत्तर मामाचं किंवा गुरुजींचं आलं, तर मिशिगनला पैसे पाठवू नका.