केप टाउनमधलं लीगल क्लिनिक आणि तिथे पाठवणारी संस्था

कायद्याची मुलं मला विचारतात, दक्षिण आफ्रिकेतली मानवाधिकार इंटर्नशिप चांगली आहे का? मला याचं एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण इथे आपण दोन वेगळ्या गोष्टी घेत असतो. एक, जागा मिळवून देणारी संस्था, जी पैसे घेते. दुसरी, प्रत्यक्ष ऑफिस, जिथे काम करायचं असतं. ऑफिसला मी पाचपैकी पाच देते. संस्थेला दोन, तेही राहायचं घर चांगलं होतं आणि विमानतळावर माणूस वेळेत हजर होता म्हणून. नावं दोघांचीही लिहीत नाही. ऑफिसचं नाव तिथल्या पक्षकारांसाठी टाळते, आणि त्यांच्या प्रकरणांचे तपशीलही बदलले आहेत.

आधी ऑफिसबद्दल, कारण जावं ते त्यासाठीच.

केरोम स्ट्रीटवर हायकोर्ट आहे, तिथून चालत जाता येईल अशा अंतरावर एका जुन्या इमारतीचा एक मजला. एक अनुभवी अ‍ॅटर्नी बाई, त्यांच्या हाताखाली कँडिडेट अ‍ॅटर्नी, म्हणजे पदवीनंतर उमेदवारी करणारे, आणि खोसा व आफ्रिकान्स या दोन्ही स्थानिक भाषा अस्खलित बोलणारी पॅरालीगल, म्हणजे वकिलांची कायदेशीर कामातली मदतनीस. सल्ला मोफत. क्लिनिकच्या, म्हणजे लोकांना सल्ला द्यायच्या, दिवशी दार उघडायच्या आधीच जिन्यात रांग असते. घर खाली करण्याच्या नोटिसा, पोटगी, घरगुती हिंसाचारातलं संरक्षण, आश्रय मागणाऱ्यांचे परवाने, आणि अधूनमधून एखादा उसन्या पैशांचा वाद. तो वाद वीस हजार रँडच्या आतला असेल तर त्या माणसाला स्मॉल क्लेम्स कोर्टाची माहिती देऊन पाठवायचं. तिथे वकिलांना उभंच राहता येत नाही, त्यामुळे त्याला लागते ती कागद नीट लावून देण्याची मदत. हे काम पहिल्याच आठवड्यात माझ्याकडे आलं आणि मला ते फार आवडलं.

सुरुवातीला तुम्ही कँडिडेट अ‍ॅटर्नीच्या शेजारी बसून नुसतं ऐकता आणि टिपणं घेता. मग फॉर्म तुम्ही भरता, ते शेजारी बसतात. सल्ला कधीच तुम्ही द्यायचा नाही, पक्षकाराने थेट विचारलं तरी नाही. या बाबतीत बाई कडक होत्या आणि ते मला पटलं. समोरच्या माणसाला विद्यार्थी कोण आणि वकील कोण हे कळत नाही. तो आपल्या वाक्यावर विसंबून घरी जातो.

जास्तीत जास्त शिकायला मिळालं ते घर खाली करण्याच्या प्रकरणांतून. दक्षिण आफ्रिकेच्या 1996 च्या राज्यघटनेचं कलम 26(3) सांगतं की सर्व संबंधित परिस्थिती विचारात घेऊन कोर्टाने आदेश दिल्याशिवाय कोणालाही त्याच्या घरातून काढता येणार नाही. त्याला जोडून 1998 चा कायदा आहे, ज्याला तिथे सगळे ‘पाय अ‍ॅक्ट’ म्हणतात. या कायद्याप्रमाणे सुनावणीच्या किमान 14 दिवस आधी राहणाऱ्याला आणि नगरपालिकेला, दोघांनाही, परिणामकारक लेखी नोटीस मिळावी लागते. माणूस सहा महिन्यांहून जास्त काळ तिथे राहिला असेल तर पर्यायी जागा देता येईल का, घरात म्हातारी माणसं, मुलं, अपंग व्यक्ती आहेत का, घर एखादी बाई चालवते का, हे कोर्टाने बघायचं असतं. परीक्षेत मी हे सगळं यादी म्हणून लिहिलं असतं. ऑफिसात त्या यादीतल्या प्रत्येक ओळीसाठी पुरावा लागतो. दवाखान्याचं कार्ड, मुलांच्या शाळेचं पत्र, विजेचं जुनं बिल.

एक आजी आल्या होत्या. मागच्या अंगणातल्या खोलीत कित्येक वर्षं राहत होत्या, पुढचं घर विकलं गेलं आणि नव्या मालकाने कोर्टात अर्ज केला. कागदांची पिशवी त्यांनी टेबलावर ठेवली. बाईंनी मला एवढंच सांगितलं, ‘तारखा लाव.’ मी दुपारभर बसून घटनाक्रम तयार केला. नोटीस आजींच्या हातात पडल्याचा दिवस आणि सुनावणीचा दिवस यांत चौदा दिवस भरतच नव्हते, आणि नगरपालिकेला नोटीस गेल्याचा कुठेच पत्ता नव्हता. त्या घटनाक्रमावरून उत्तरादाखलचं प्रतिज्ञापत्र तयार झालं. त्यातले पहिले परिच्छेद मी लिहिले होते आणि बाईंनी ते लाल शाईने जवळजवळ पूर्ण बदलले. पण बदललेल्या प्रत्येक ओळीचं कारण त्यांनी समोर बसवून सांगितलं. सुनावणी पुढे ढकलली गेली. आजींचं घर वाचलं असं नाही म्हणत, त्यांना वेळ मिळाला आणि नगरपालिकेला उत्तर द्यावं लागलं.

त्या आठवड्यात बाईंनी ग्रूटबूम निकाल पुन्हा वाचायला लावला. वॉलेसडीन ही वस्ती याच शहराच्या कडेला आहे. तिथल्या पाणी तुंबणाऱ्या झोपड्यांतून निघून शेजारच्या मोकळ्या जागेवर गेलेली, मग तिथूनही हुसकावली गेलेली 390 मोठी माणसं आणि 510 मुलं. 4 ऑक्टोबर 2000 रोजी घटनात्मक न्यायालयाने सांगितलं की ज्यांना डोक्यावर छप्परच नाही त्यांच्यासाठी काहीच तरतूद नसलेलं सरकारी घरांचं धोरण घटनेत बसत नाही. जगभरचे कायद्याचे विद्यार्थी हा निकाल अभ्यासतात. ज्यांच्या नावाने तो ओळखला जातो त्या आयरीन ग्रूटबूम 2008 मध्ये वारल्या, तेव्हाही त्या झोपडीतच राहत होत्या. बाईंना आम्हाला नेमकं हेच दाखवायचं होतं, की निकाल लागल्यानंतरचं काम कोणीतरी वर्षानुवर्षं करत राहावं लागतं. ऑफिसातल्या कपाटात तशाच फायली भरलेल्या होत्या.

निर्वासितांचं काम वेगळं. या देशात निर्वासितांच्या छावण्या नाहीत. अर्जाचा निकाल लागेपर्यंत माणूस शहरातच राहतो आणि 1998 च्या निर्वासित कायद्याच्या कलम 22 खालचा परवाना हीच त्याची ओळख असते. तो ठरावीक मुदतीचा असतो, पुन्हापुन्हा वाढवून घ्यावा लागतो. मुदत उलटली की बँक खातं अडकतं, मालक कामावर ठेवायला कचरतो. इथे ऑफिसचा एक नियम होता जो मी आयुष्यभर पाळीन. पक्षकाराच्या देशात त्याच्यावर काय गुदरलं ते फॉर्म भरताना विचारायचं नाही. ते सांगायची वेळ एकदाच, वकिलासमोर, दार बंद करून. शिकाऊ मुलांच्या कुतूहलापायी कोणी तो प्रसंग दोनदा सांगायचा नाही. फोटो तर काढायचेच नाहीत.

आता संस्था.

त्यांच्या माहितीपत्रकावर ‘मानवाधिकार खटल्यांवर प्रत्यक्ष काम’ असं लिहिलं होतं. कोणत्या ऑफिसात, कोणाच्या हाताखाली, हे पूर्ण पैसे भरल्यावरच कळलं. माझं नशीब चांगलं निघालं. त्याच घरात राहणाऱ्या दुसऱ्या मुलीला ज्या ठिकाणी टाकलं तिथे एकही वकील नव्हता आणि ती महिनाभर देणगीदारांना पाठवायची पत्रकं लिहीत बसली. तिने जागा बदलून मागितली तर उत्तर यायलाच दोन आठवडे गेले. आम्ही दोघींनी तेवढेच पैसे भरले होते. कायदा शिकायला आलेल्या मुलीला वकील नसलेल्या ठिकाणी पाठवणं ही माझ्या मते सरळसरळ फसवणूक आहे.

आम्ही भरलेल्या पैशातून आमच्या ऑफिसला काय मिळतं, हे मी बाईंना विचारलं. काहीच नाही, असं उत्तर आलं. ऑफिस आमच्यावर वेळ खर्च करतं, लाल शाई खर्च करतं, आणि पैसे भलतीकडेच थांबतात. हे मला अजून बोचतं.

फीमध्ये शनिवार-रविवारच्या सहलीही होत्या. टेबल माउंटन ठीक, बघावाच. पण ‘टाउनशिप टूर’, म्हणजे वर्णभेदाच्या काळात काळ्यांसाठी वसवलेल्या वस्तीची सहल, म्हणून बसमधून खायलित्शाला नेणार होते, तिथे मी गेले नाही. सोमवारी जी माणसं टेबलापलीकडे बसून घराची गोष्ट सांगतात त्यांच्या गल्लीतून रविवारी कॅमेरे लावलेल्या बसमधून जायचं, हे मला जमलं नसतं. त्याऐवजी बाईंच्या सांगण्यावरून मी डिस्ट्रिक्ट सिक्स म्युझियममध्ये गेले. 11 फेब्रुवारी 1966 रोजी तो भाग फक्त गोऱ्यांसाठी जाहीर झाला आणि पुढच्या वर्षांत साठ हजारांवर माणसं तिथून उठवून केप फ्लॅट्स या शहराच्या कडेच्या सपाट भागातल्या वाळूत नेऊन टाकली गेली. जमिनीवर जुन्या गल्ल्यांचा मोठा नकाशा आहे, त्यावर तिथल्या रहिवाशांनी आपापल्या घराच्या जागी नावं लिहिली आहेत. घराबाहेर काढण्याआधी कोर्टाने सगळी परिस्थिती बघावी, हे वाक्य घटनेत का आलं ते तिथे उभं राहिल्यावर समजतं. या संस्थेच्या कार्यक्रमात या म्युझियमचा उल्लेखही नव्हता.

किती काळासाठी जावं? संस्था दोन आठवड्यांचंही पॅकेज विकते. ते घेऊ नका. दोन आठवड्यांत तुम्हाला फायलींची मांडणी कळते आणि ऑफिसच्या माणसांना तुमचं नाव. पहिला महिना ऑफिस तुम्हाला देत असतं, तुमच्याकडून त्यांना काही मिळू लागतं ते त्यानंतर. जून ते ऑगस्ट हा तिथला पावसाळी हिवाळा. केप फ्लॅट्सवरच्या वस्त्यांत पाणी शिरतं आणि त्याच दिवसांत ऑफिसात गर्दी वाढते. त्या काळात जाणार असाल तर कामाला तोटा नाही, पण गरम कपडे न्या, घरं आतून गार असतात. अंधार पडल्यावर एकटीने पायी फिरू नका, एवढं संस्थेने बजावून सांगितलं ते बरोबरच होतं.

पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: देखरेख करणाऱ्या वकिलाचं नाव, तुम्हाला करू देतील त्या कामांचं वर्णन, आणि जागा न पटल्यास किती दिवसांत बदलून देणार. वकिलाचं नाव द्यायला टाळाटाळ झाली की तिथेच थांबा. इंटर्नशिप पैसे देऊनच मिळते असंही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयाच्या इंटर्नशिपला पगार नसतो, पण अर्ज थेट करता येतो, मधे कोणाला फी द्यावी लागत नाही.

आमचं ऑफिसही थेट अर्ज घेतं, हे मला तिथे गेल्यावर कळलं. बायोडेटा, कायद्यावर स्वतः लिहिलेली काही पानं आणि किमान दोन महिने थांबण्याची तयारी, एवढंच ते मागतात. राहायची सोय आपली आपण बघायची. माझ्यानंतर माझ्या टेबलावर बसलेली मुलगी अशीच आली होती.