दहा वर्षं ठेवायची गाडी: पेट्रोल की इलेक्ट्रिक?

नाशिककराच्या गाडीला कसारा घाट काही चुकत नाही, म्हणून तुलना तिथूनच करतो. उतारावर पेट्रोल गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवली तरी ब्रेक पॅड झिजतातच. इलेक्ट्रिकमध्ये मोटरच जनरेटर होऊन वेग आवरते आणि थोडी वीज बॅटरीत परत भरते; पॅड कितीतरी जास्त टिकतात. चढावर क्लच प्लेट जळायची भीती नाही, कारण क्लचच नाही. इंजिन ऑइल, स्पार्क प्लग, टायमिंग बेल्टही गेले.

खरा प्रश्न बॅटरीचा. अनेक कंपन्या तिला 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटरची वॉरंटी देतात. तिची क्षमता घटते, पण हळूहळू. उष्णता तिची वैरी, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये पूर्ण चार्ज केलेली गाडी उन्हात दिवसेंदिवस उभी ठेवू नका. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची बॅटरी जास्त वेळा चार्ज होणं सोसते; घेताना विचाराच. मला बॅटरीपेक्षा इलेक्ट्रॉनिक्सची धास्ती जास्त वाटते. कंट्रोल युनिट बिघडलं की गल्लीतला मेकॅनिक हात लावत नाही, सर्व्हिस सेंटरच गाठावं लागतं.

पेट्रोलचं बळ इथेच आहे: सिन्नर, निफाड, कळवण, कुठेही दुरुस्ती होते. मात्र 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने मायलेज थोडं घटतं, जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि सील तपासत राहावे लागतात.

रोज सातपूर-अंबडला जाणाऱ्याने, घरी चार्जिंगची सोय असेल तर, बिनधास्त इलेक्ट्रिक घ्यावी. सोय नसेल तर तूर्त पेट्रोलच.